बाईंनी दिलेले तीन तारे

थंडी नुकती कुठे सुरू होत होती. रविवारी सकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर दारात एक भरभक्कम माणूस उभा. एका हातात नव्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. पिशवी त्याने माझ्याकडे दिली आणि फोन घेऊन सरळ आत आईसमोर जाऊन उभा राहिला. वर्गात वही तपासून घ्यायला उभं राहतात तसा.

"बाई, याला उत्तर द्याचं हाय," तो म्हणाला. "माज्यानं होत नाय. तुमी लिवून द्या."

आईने चष्मा लावला. फोनवर काय आहे ते वाचायच्या आधी तिने त्याचा चेहरा नीट वाचला.

"तू तो कोंबडीवाला ना?"

तो लाजला आणि मान हलवली. आईने आयुष्यभर पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भाजी घ्यायला गेली तरी कोपऱ्याकोपऱ्यावर कुणी ना कुणी 'बाई' म्हणून थांबवतं, आणि तिला त्यांची नावं आठवत नाहीत, निबंध आठवतात. या माणसाने सहावीत 'माझा आवडता पक्षी' या विषयावर कोंबडीबद्दल लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'ती मला आवडते कारण ती रश्शात चांगली लागते.' आईने त्याला चांगले गुण दिले होते. तिच्या मते सगळ्या वर्गात खरं लिहिणारा तो एकटाच होता. बाकी सगळ्यांना मोर आवडत होता.

आता तो चाळिशी ओलांडून पुढे गेला होता. कोन गावाच्या पुढे आतल्या बाजूला त्याच्या घरची भातशेती होती. बरीचशी विकली गेली, थोडी राहिली. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात त्याचे ट्रक चालतात. राहिलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर त्याने चार खोल्या बांधल्या, पोहायला एक तलाव केला आणि जागेला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. नावाचा अर्थ काय, असं आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मेव्हण्याला विचारून सांगतो."

मला हे सगळं ऐकून गंमत वाटत होती. माझ्या लहानपणी पनवेलला कुणी फिरायला येत नसे. पनवेल म्हणजे कोकणात जाणारी एसटी थांबायची जागा. लोक उतरायचे, वडापाव खायचे, खिडकीतून रुमाल टाकून अडवलेली सीट पुन्हा धरायचे आणि निघून जायचे. आता शुक्रवारी संध्याकाळी मुंबईची माणसं मुद्दाम इथे राहायला येतात. कुठे राहायचं ते त्यांचा फोन सांगतो. आणि फोनला कोण सांगतं, तर आधी येऊन गेलेले लोक.

"तारे कमी झाले का फोन आपल्याला खाली ढकलतो," तो आईला समजावत होता. "पयल्या पानावर असलं तर माणसं येतात. खाली गेलं का मेलं. एवढं खाली बोट कोन सरकवतो, बाई?"

त्याला एक तारा मिळाला होता. ठाण्याहून आलेल्या एका पाहुण्याने लिहिलं होतं की पहाटेपासून कोंबडा ओरडत होता आणि मॅनेजमेंटला सांगूनही काहीच ॲक्शन घेतली गेली नाही.

"मॅनेजमेंट कोण?" आईने विचारलं.

"माजी बायको."

"तिने काय केलं?"

"काय करनार? हसली."

आई खुर्चीत सरळ बसली. मला म्हणाली, "तू टाईप कर." तिला फोनवर लिहिता येतं, पण तिला वाटतं की बोटाने काच टोकत लिहिणं म्हणजे लिहिणं नव्हे. मी त्याचं खातं माझ्या फोनवर उघडलं आणि आईने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेतलं.

'महोदय, आपली तक्रार वाचली. कोंबडा पहाटे आरवला हे खरे आहे. त्याबद्दल त्याला समज देण्यात आली, परंतु त्याने ती ऐकून घेतली नाही. आपण ज्यास ओरडणे म्हणता त्यास आरवणे म्हणतात. गाढव ओरडते, कोंबडा आरवतो. आपण गावाकडची सकाळ पाहायला इतक्या लांब आलात आणि ती वेळेवर आली, एवढाच आमचा अपराध. पुन्हा आलात तर लांबची खोली देऊ. कळावे.'

"हे पाठवू?" मी विचारलं. मला वाटत होतं की हे पाठवलं तर उरलेले तारेही जातील.

त्याने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाला, "पाठवा. बरोबर हाय. गाढवाचं एकदम बरोबर हाय."

पुढच्या आठवड्यात कुणीतरी ते उत्तर आपल्या स्टेटसवर लावलं. तिथून ते आणखी कुणी उचललं. माझ्या ऑफिसमधल्या एकीने मला ते दाखवलं आणि विचारलं, "तुझ्या पनवेलचंच दिसतंय ना हे?" मी पाणी प्यायला उठले. त्या शनिवारी चारही खोल्या भरल्या. त्याने फोन करून सांगितलं की एका कुटुंबाने कोंबड्याजवळची खोली मागितली आहे, आणि तशी वेगळी खोली नसल्यामुळे तो आता खुराडं कुठे हलवावं याचा विचार करतोय.

असं ते सुरू झालं. दर सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसचं काम आटपलं की आई दिवाणखान्यात येऊन बसायची आणि विचारायची, "आज काय काय आलंय?" मी वाचायची, ती उत्तर सांगायची. पाहुण्यांनी मराठी रोमन लिपीत लिहिलेलं असलं की ती आधी दोन मिनिटं नुसती गप्प बसायची. ते तिचं दुखणं होतं. मग कामाला लागायची.

तिला सर्वांत जास्त राग एक तारा देणाऱ्यांचा नव्हता. पाच तारे देऊन खाली नुसता अंगठा काढणाऱ्यांचा होता. अशा एकाला तिने लिहिलं, 'आपण पाच तारे दिलेत, त्याबद्दल आभार. कारण लिहिलेले नाही. कृपया तीन ओळी लिहाव्यात.' मला वाटलं, कोण लिहितोय. पण त्या माणसाने खरंच लिहिलं. तीन नाही, सात ओळी लिहिल्या, आणि त्यात आपल्या आजोळची विहीर वगैरे आली. दुसऱ्या एका मुलाने 'जेवण एक नंबर' एवढंच लिहिलं होतं. त्याला आईने विचारलं की एक नंबर म्हणजे नेमकं काय, कोणता पदार्थ, आणि दोन नंबरला काय होतं. त्याने क्रमवारी पाठवली. लोकांना बहुधा पुष्कळ दिवसांत कुणी असं काही विचारलं नव्हतं.

तो आमचा कोनवाला खूश होता. येताना कधी काकडी आणायचा, कधी कोवळा मुळा. "बाई, माणसं येतात न मला विचारतात, उत्तर लिवनारे कोन? मी सांगतो, आमच्या बाई हायत, पनवेलला असतात. एक जन बोलला, त्यांचा फोटो हाय का?"

"दिलास की काय?" आई दचकली.

"नाय. माज्याकडे एकच हाय, सातवीच्या वर्गाचा. त्यात तुमी मला उभं केलंय."

आईने ती जागा कधी पाहिलेली नव्हती. सगळी उत्तरं त्याला फोनवर विचारून, त्याच्या शब्दावर विसंबून दिलेली. हे माझ्या लक्षात होतं, तिच्याही असणार. पण कामाच्या भरात ते राहून गेलं.

मग ती तक्रार आली. एका बाईंनी तीन तारे दिले होते आणि लिहिलं होतं, 'खोली क्रमांक चारच्या खिडकीतून डोंगर दिसतो, असे माहितीत लिहिले आहे. छायाचित्रही आहे. मला खिडकीतून पाण्याची टाकी दिसली. टाकीमागे डोंगर असावा, असे मानायला माझी हरकत नाही.'

मी वाचून दाखवलं. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"एकही चूक नाही," ती म्हणाली.

"मग काय उत्तर देऊ?"

"थांब जरा."

तिने त्याला फोन लावला आणि विचारलं, "खरं सांग. खोली चारमधून डोंगर दिसतो का?"

"दिसतो की, बाई."

"कसा?"

"जरा वाकलं का दिसतो."

आईने फोन ठेवला. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "इतके दिवस मी न वाचलेल्या पुस्तकावर टिपा लिहीत होते. आपण जाऊ या तिकडे. राहायला. त्याला न सांगता."

त्याला न सांगता जाणं सोपं होतं, कारण त्याला माझं नाव माहीत नव्हतं. त्याच्या लेखी मी 'बाईंची मुलगी' होते. मी माझ्या फोनवरून खोली क्रमांक चार घेतली. ॲपने मला कळवलं की ही जागा आत्ता आणखी बरेच जण पाहत आहेत, तरी त्वरा करा. आईने विचारलं, "कोण पाहतंय?" मी म्हटलं, असंच लिहितात. ती म्हणाली, "म्हणजे फोनसुद्धा वाढवून सांगतो."

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी आम्ही रिक्षाने निघालो. कोन ओलांडल्यावर माझ्या फोनमधली बाई डावीकडे वळायला सांगत होती. डावीकडे एका गोदामाची भिंत होती. रिक्षावाल्याने फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हिला गप करा. मी नेतो." आणि त्याने बरोबर नेऊन सोडलं.

फाटकात त्याची बायको आली. आम्ही तिला पहिल्यांदाच पाहत होतो आणि ती आम्हाला. बुटकी, चटपटीत, पदर खोचलेला. तिने लिंबू सरबत दिलं आणि खोली उघडून दिली. खोली स्वच्छ होती. आई बॅग न ठेवताच खिडकीशी गेली.

समोर काळी टाकी होती. चौथऱ्यावर बसवलेली, चांगली थोरली, खिडकी भरून उरलेली. आई डावीकडे वाकली. मग आणखी वाकली. खिडकीच्या चौकटीला धरून तिने मान बाहेर काढली.

"दिसला," ती म्हणाली. "प्रबळगडाचं टोक. बोटभर."

"सरळ हो आता, कंबर धरेल."

त्यानंतर आम्ही तलाव पाहिला. फोनवरच्या फोटोत तो अफाट दिसत होता, पलीकडचा काठ आहे की नाही अशी शंका यावी इतका. प्रत्यक्षात मी एका काठाला उभी होते आणि दुसऱ्या काठावर उभ्या असलेल्या आईशी आवाज न चढवता बोलू शकत होते. तिने चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "हा हौद आहे. पण चांगला हौद आहे."

जेवायला काय हवं म्हणून त्याची बायको विचारायला आली. "पाव-जाम हाय, पास्ता हाय, नूडल हाय."

"तुमच्या घरात आज काय केलंय?" आईने विचारलं.

"आमच्यासाठी? वालाचं बिरडं न तांदलाची भाकरी."

"मग आम्हाला तेच द्या."

ती जरा घुटमळली. "ते फोटोत नाय."

"नसू दे."

तिने आम्हाला आत स्वयंपाकघरातच बसवून वाढलं. ताटात पडलेली भाकरी पांढरीशुभ्र, कडा फुटलेली नाही, आणि बिरड्यात नारळ असा की आई काही वेळ बोललीच नाही. ती न बोलता जेवते ते तिचं सर्वांत वरचं प्रशस्तिपत्रक. त्याची बायको मात्र बोलत होती. मेव्हण्याने कुठूनसे ते पास्त्याचे फोटो आणून लावले, ते पाहून लोक तेच मागतात, आणि तिला तो करताना आपण काय करतोय तेच कळत नाही. "निम्मा टाकून जातात. कोंबड्या खातात. त्यांना आवडतो."

मग ती आपणहून म्हणाली, "आमच्या एक बाई हायत पनवेलला. सगली उत्तरं त्याच लिवतात. लय कडक हायत."

मी खाली पाहून भाकरी मोडू लागले.

"कडक म्हणजे?" आईने शांतपणे विचारलं.

"ह्यांना अजून भ्या वाटतं त्यांचं. फोन आला का उभं राहून बोलतात."

"मग चांगल्या नसतील त्या."

"नाय, चांगल्या हायत. कडक पन हायत. पोलिसासारख्या."

दुपारी पडल्या पडल्या तिने मला विचारलं, "मी पोलिसासारखी आहे का ग?" मी झोपेचं सोंग घेतलं.

ऊन उतरलं तशी घरामागे गडबड सुरू झाली. त्यांच्या घरच्यांसाठी पोपटी लावत होते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद केलेलं. ते मडकं पालथं घालून भोवती गवत-काटक्या रचल्या आणि पेटवल्या. पाहुण्यांसाठी हे का करत नाही, असं मी विचारलं. त्याची बायको म्हणाली, मागे एकाने लिहिलं होतं की मागच्या बाजूने धूर येतो. तेव्हापासून पाहुणे नसले की, नाहीतर त्यांच्या नकळत करतात.

त्या तक्रारीवर आईनेच उत्तर दिलेलं होतं. 'धुराची व्यवस्था केली आहे', असं. व्यवस्था म्हणजे हीच होती.

मडकं फोडलं तेव्हा वास असा पसरला की दुसऱ्या खोलीतले नवरा-बायको आपण होऊन मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना पत्रावळी दिल्या. आई पाटावर बसून शेंगा सोलत होती, बोटं काळी झालेली, हनुवटीलाही काजळी. नेमका तेव्हाच तो कळंबोलीहून आला. मोटरसायकल लावून मागे आला आणि जिथल्या तिथे उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला. "तुमी?"

त्याच्या बायकोच्या हातातली शेंग खाली पडली.

"ये, बस," आई म्हणाली. "शेंगा छान आहेत."

"सांगाचं ना. मी गाडी पाठवली असती."

"सांगितलं असतं तर टाकी हलवली असतीस का?"

तो टाकीच्या दिशेने पाहू लागला. तिथून ती दिसत नव्हती, तरी पाहिलं. मग आईच्या समोर उकिडवा बसला आणि शेंगा सोलू लागला. त्याची बायको आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी आईच तिच्याकडे गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दोघी हसत बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं की प्रकरण मिटलं. आईने चहा घेतला आणि म्हणाली, "आता माझं मत लिहून घे. मी तिथे राहून आले आहे."

मी लिहून घेतलं.

'खोली क्रमांक चार. खिडकीतून डोंगर दिसतो, मात्र त्यासाठी पाहुण्याला डावीकडे वाकावे लागते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी टाकीवर समाधान मानावे. तरणतलाव म्हणून ज्याचे छायाचित्र दिले आहे तो हौद आहे. पाय सोडून बसण्यास उत्तम. जेवण अप्रतिम आहे, परंतु ते मागितले तरच मिळते. न मागता पास्ता मिळतो. पोपटी पाहुण्यांपासून लपवली जाते, हे योग्य नाही. यजमानीण मनापासून करते. जागा जशी आहे तशी दाखवली असती तर पाच तारे दिले असते. तीन देत आहे.'

"आई, तीन?" मी म्हटलं. "प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्यात. तो आधीच काठावर आहे. तू तीन दिलेस की खाली जाईल."

"मी किती देऊ?"

"पाच दे. आणि बाकीचं त्याला फोनवर सांग."

"आणि त्या टाकीवाल्या बाईंना काय सांगू? त्यांनी तीन दिले. त्यांचं बरोबर होतं."

"तू त्याची माणूस आहेस."

"म्हणूनच तीन. नाहीतर दोनच होतात."

मी पाठवून दिलं. तो खरंच खाली गेला. दुसऱ्या दिवशी मी 'पनवेलजवळ' असं टाकून पाहिलं तर बोट सरकवून सरकवून दुखलं, तेव्हा तो सापडला. त्याच्या वरती कितीतरी हौद होते, सगळे समुद्रासारखे दिसणारे.

त्याचा फोन आला नाही. सोमवार आला, गेला. आई दिवाणखान्यात येऊन बसली आणि 'आज काय आलंय' असं न विचारता वर्तमानपत्र वाचत राहिली. तेच पान. मी फोन हातात घेतला की तिची नजर वर व्हायची. एकदा ती म्हणाली, "त्याला काकड्यांचे डबे परत द्यायचे राहिलेत." काकड्या कधी डब्यातून आल्याच नव्हत्या.

शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला. "रागावलेत," ती म्हणाली. "जेवतात, पन बोलत नायत. दोन दिवस झाले, मागं टाकीपाशी जाऊन उभं राहतात."

"तू रागावली आहेस का?" आईने विचारलं.

"मी कशाला? माजं तर चांगलंच लिवलंय."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, मी जेवणाच्या सुट्टीत सहज पाहिलं, तर आईच्या मताखाली उत्तर आलेलं होतं. आजवर तिथली सगळी उत्तरं आईने सांगितलेली आणि मी लिहिलेली. हे आम्ही लिहिलेलं नव्हतं. मी तशीच उठून आईला फोन केला आणि वाचून दाखवलं.

'बाई तुमचं बरोबर हाय. टाकी हालवता येत नाय तीच्यात पानी हाय. पन डोंगराचा फोटो काडून टाकला. टाकीचा लावला. हौदाला हौद लीवलं. भाकरी न बिरडं मेनूत घातलं. पोपटी पन. पास्ता बंद. तीन तारे लय झाले. मला वाटलं दोनच देतील.'

मी वाट पाहत होते की ती आता वेलांट्यांच्या चुका काढायला सुरुवात करेल.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने माझा फोन घेऊन ते स्वतः अक्षर न् अक्षर वाचलं. तिने शिरा केला होता. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही.

टाकीच्या फोटोने मात्र भलतंच केलं. खोली क्रमांक चारच्या माहितीत आता ती काळी टाकी होती, उन्हात चमकणारी, आणि खाली लिहिलं होतं, 'या खोलीतून टाकी दिसते.' लोकांना ते फार आवडलं. पुण्याच्या एका जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाला मुद्दाम तीच खोली घेतली आणि टाकीसमोर फोटो काढून घेतला. डावीकडे वाकून काढलेल्या फोटोंची तर एक रांगच लागली. पोपटीसाठी लोक आधीपासून विचारू लागले. तारे हळूहळू वर आले, आणि त्याच्या बायकोला बटाटे जास्त आणायला लागले.

मग एके दिवशी मला ॲपकडून संदेश आला. माझ्या खात्यावरून दिलेलं मत काढून टाकण्यात आलं होतं, कारण मत देणारी व्यक्ती त्या जागेशी संबंधित असल्याचं आढळलं होतं. बरोबरच होतं. मालकाची उत्तरं आणि पाहुण्याचं मत एकाच फोनवरून गेलेलं. आपल्या धंद्याला स्वतःच मोठं म्हणणाऱ्या लोकांसाठी तो नियम होता. स्वतःला तीन तारे देणारं कुणी असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आई संतापली. तिने मला अर्ज लिहायला लावला. 'मी खोटे बोललेले नाही, हे सिद्ध करण्यासाठी आपला प्रतिनिधी पाठवावा. त्याने डावीकडे वाकून पाहावे', असं त्यात होतं. पाठवल्याबरोबर इंग्रजीत उत्तर आलं की तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि या संभाषणाला किती तारे द्याल.

"संभाषण कधी झालं?" आईने विचारलं.

त्याच संध्याकाळी तो आला. या वेळी हातात काही नव्हतं. बसला, पाणी प्यायला.

"बाई, तुमचं मत गेलं."

"कळलं."

"माजं उत्तर पन गेलं त्याच्याबरोबर." त्याने फोन काढून दाखवला. जिथे ते होतं तिथे आता काहीच नव्हतं. "मी पयल्यांदाच काय लिवलं होतं. बायको नको बोलत होती. दोन दिवस लागले मला. आता आठवत पन नाय काय लिवलेलं. टाकीचं होतं कायतरी."

आई मला म्हणाली, "घे फोन. लिही." आणि तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्या शब्दापासून. बाई तुमचं बरोबर हाय. टाकी हालवता येत नाय. मी सवयीने 'हलवता' लिहिलं. ती पाहत होती.

"हालवता," ती म्हणाली. "काना आहे."

तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता आणि ऐकत होता. 'तीच्यात'ची वेलांटी दीर्घ, 'लीवलं'ची दीर्घ, तिने सगळं जिथल्या तिथे सांगितलं. 'मला वाटलं दोनच देतील' याशी आल्यावर तो म्हणाला, "हां. असंच होतं."

ते आता जागेच्या माहितीत सर्वांत वर आहे. नवे पाहुणे वाचतात आणि बाई कोण ते त्यांना कळत नाही, तरी येतात.

आईने उत्तरं द्यायचं थांबवलं. आपण तिथे राहून आलो, आता आपण पाहुणे, असं तिचं म्हणणं. उत्तरं त्याची बायको देते. तिला लिहायला वेळ नसतो, म्हणून ती फोनला बोलून सांगते आणि फोन ते लिहून घेतो. पण तिचं बोलणं फोनला नीट कळत नाही, आणि बिरडं तर मुळीच नाही. तो दर वेळी त्याचं 'बर्ड' करतो. आमच्याकडे रोज सकाळी वालाचं ताजं बर्ड असतं, असं वाचून परवा डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ मोठी दुर्बीण घेऊन पहाटेच हजर झाले. तिने त्यांना बसवलं, पाट मांडला आणि वाढलं. दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून ते दोन भाकऱ्या जेवले.